दादर चौपाटीवरून अंतराळ स्थानक कसं बघायचं

पावसाळा सोडून द्या, ढगांपुढे इलाज नाही. नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' ॲपवर स्थानक मुंबईवरून जाण्याची वेळ बघा. क्षितिजापासून कमाल उंची ४० अंशांच्या वर असेल, तेव्हाच मी शाळेतल्या मुलांना चौपाटीवर बोलावते.

सूर्यास्तानंतर समुद्राकडे तोंड करून उभं राहा. पश्चिमेकडून एक ठळक, न लुकलुकणारा ठिपका वर चढतो. दिवे उघडझाप करत असतील तर ते विमान. काही मिनिटांत ठिपका पूर्वेकडे, इमारतींच्या वर, विझतो. स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरलेलं असतं.

मुलं हमखास विचारतात, बाई, ते खाली का पडत नाही? पडतच असतं! साधारण ४०० किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के उरतं. पण स्थानक सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर पुढे धावतं, म्हणून पडता पडता पृथ्वीला चुकवत राहतं. रॉकेटचं बहुतेक इंधन उंचीपेक्षा हा वेग मिळवण्यातच जातं. तिथली विरळ हवाही स्थानकाला हळूहळू खाली ओढते, म्हणून अधूनमधून इंजिनं पेटवून वर ढकलावं लागतं.

आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला २०२५च्या जून-जुलैत तिथेच राहिले, हे ठिपका दिसत असतानाच सांगा. दुर्बीण मात्र आणू नका, ती त्याच्यामागे फिरवणं जमत नाही.