अनेकांना गेलेल्या ईमेलला उत्तर देताना

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मध्यंतरी सर्व सभासदांना ईमेल पाठवून तीन गोष्टी विचारल्या होत्या: टाकीच्या दुरुस्तीचे कोणते कोटेशन स्वीकारावे, सभा रविवारी सकाळी १० वाजता घ्यावी का, आणि वर्गणी दोन हप्त्यांत घेतली तर चालेल का. बहुतेकांनी ‘हो, चालेल’ एवढेच कळवले आणि नेमके काय चालेल हे विचारण्यासाठी बिचाऱ्यांना प्रत्येकाला पुन्हा लिहावे लागले. हे टाळायचे असेल, तर ज्या वाक्याला उत्तर द्यायचे तेवढेच ठेवून बाकीचा मजकूर काढून टाकावा आणि त्याखाली आपले म्हणणे लिहावे:

> सभा रविवारी सकाळी १० वाजता घ्यावी का?

११ वाजता घेतल्यास बरे होईल. १० वाजता पाण्याची वेळ असते.

ऑक्टोबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आरएफसी १८५५’ या इंटरनेटवरील शिष्टाचाराच्या दस्तऐवजातही हेच सांगितले आहे: मूळ मजकुराचा सारांश द्यावा किंवा संदर्भापुरता भाग ठेवावा, सगळा मजकूर ठेवू नये. मात्र काटछाट करताना दुसऱ्याच्या तोंडी नसलेले शब्द घालू नयेत. शेवटी आपले नाव आणि सदनिका क्रमांक अवश्य लिहावा, कारण केवळ ईमेल-पत्त्यावरून माणूस ओळखू येतोच असे नाही.

‘रिप्लाय ऑल’ दाबण्यापूर्वी पत्त्यांची ओळ वाचावी. आभार किंवा वैयक्तिक अडचण एकट्या सेक्रेटरींना कळवावी. पण गळतीचे नेमके ठिकाण आपल्याला ठाऊक असेल, तर ते सर्वांनाच कळवणे योग्य. आपल्याला ईमेल ‘बीसीसी’मधून आलेला असल्यास ‘रिप्लाय ऑल’ मुळीच वापरू नये, कारण पाठवणाऱ्याने आपले नाव इतरांना दिसू दिलेले नसते आणि आपल्या उत्तराने ते उघड होते.

पार्किंगचा प्रश्न टाकीच्या ईमेलला जोडू नये, त्यासाठी नवा ईमेल लिहावा. उत्तरात मूळ ईमेलचा ओळख-क्रमांक आपोआप जोडला जातो, त्यामुळे नुसता विषय बदलला तरी अनेक मेल-प्रोग्राम ते जुन्याच साखळीत दाखवतात आणि नवा मुद्दा तिथे दबून जातो.

रागाच्या भरात उत्तर लिहिले असेल, तर ते लगेच पाठवू नये. जीमेलमध्ये पाठवलेला ईमेल मागे घेण्यासाठी जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात राग निवत नाही. अशा वेळी पत्त्याची जागा रिकामी ठेवून मसुदा जतन करावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा वाचावा.