गच्चीवरून आयनांबरातील बुडबुडे कसे टिपावेत

सूर्यास्तानंतर चुंबकीय विषुववृत्तावरील, म्हणजे जिथे पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषा जमिनीला समांतर असतात त्या रेषेवरील, आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित कणांच्या थराचा) खालचा भाग झपाट्याने विरतो आणि वरचा दाट थर आणखी वर उचलला जातो. खाली विरळ आणि वर दाट अशी ही अस्थिर रचना ढासळली, की विरळ प्लाझ्माचे (विद्युतभारित वायूचे) बुडबुडे दाट थराला भेदून वर चढतात. त्यांच्या कडांवरील शेकडो मीटर आकाराच्या अनियमिततांमुळे, तारा लुकलुकावा तसा, जीपीएससारख्या उपग्रहाचा संदेश लुकलुकतो. हे लुकलुकणे साध्या मोबाइलवरही नोंदवता येते.

भारतात चुंबकीय विषुववृत्त दक्षिण टोकाजवळून, केरळमधील थुंबा परिसरातून जाते. १९६३ साली भारतातला पहिला अग्निबाण तेथून उडाला, त्यासाठी ती जागा निवडण्याचे प्रमुख कारण हेच होते. बुडबुडे चुंबकीय बलरेषांना धरून उत्तर-दक्षिण ताणलेले असल्याने विषुववृत्तावर ते सुमारे ६०० ते ७०० किलोमीटर उंची गाठतात तेव्हाच त्यांची टोके कोल्हापूर-मुंबईच्या आकाशात उतरतात. म्हणून महाराष्ट्रातून पाहणाऱ्याने दक्षिणेकडच्या उपग्रहांवर आधी लक्ष ठेवावे. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम, त्यातही सूर्य अधिक सक्रिय असलेली वर्षे. रोज सूर्यास्ताच्या तासभर आधीपासून मध्यरात्रीपर्यंत नोंद घ्यावी, म्हणजे शांत आकाशाचा नमुनाही हाती राहतो.

अँड्रॉइड फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘फोर्स फुल जीएनएसएस मेजरमेंट्स’ (जीएनएसएस म्हणजे जीपीएससारख्या स्थाननिश्चितीच्या उपग्रह यंत्रणा) सुरू करावे, कारण एरवी बॅटरी वाचवण्यासाठी फोन मधूनमधून मोजणी थांबवतो. त्यानंतर जीएनएसएस लॉगरसारखे ॲप सुरू करून फोन गच्चीवर कठड्यापासून आणि पाण्याच्या टाकीपासून दूर, आकाशाकडे तोंड करून ठेवावा आणि नोंद संपेपर्यंत हलवू नये. क्षितिजापासून ३० अंशांखालचे उपग्रह वगळावेत.

दर सेकंदाला मिळणारी संदेशाची ताकद डेसिबल-हर्ट्झमध्ये असते. तिला दहाने भागून येणारी संख्या दहाचा घातांक म्हणून घ्यावी, म्हणजे प्रत्यक्ष शक्तीच्या प्रमाणातली संख्या मिळते. उपग्रहाच्या चालीमुळे होणारा संथ चढउतार वजा करून प्रत्येक मिनिटातील शक्तीचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसरटपणा) काढावे आणि त्याला सरासरीने भागावे. हाच लुकलुकण्याची तीव्रता सांगणारा एस-४ निर्देशांक. व्यावसायिक ग्राहकयंत्रे (रिसीव्हर) सेकंदाला ५० वेळा मोजतात, फोन एकदाच मोजतो आणि आकडा गुळगुळीतही करतो, त्यामुळे फोनचा एस-४ संशोधन संस्थांच्या आकड्यांशी ताडून पाहू नये. तो आपल्याच शांत रात्रींशी ताडावा.

खरी कसोटी पुढे आहे, आणि ती टाळून काढलेला कोणताही निष्कर्ष मी ग्राह्य धरणार नाही. एखाद्या उपग्रहाचा आकडा ४५ वरून काही सेकंदांत ३२ पर्यंत कोसळून पुन्हा वर येत राहिला, तर मन लगेच बुडबुड्याकडे धावते. पण शेजारच्या इमारतीवरून परावर्तित झालेला संदेशही आकड्यात असेच चढउतार घडवतो. जीपीएस उपग्रह रोज सुमारे चार मिनिटे आधी आकाशातील त्याच जागी येतात. त्यामुळे भिंतीमुळे झालेले चढउतार दुसऱ्या दिवशी चार मिनिटे आधी जसेच्या तसे दिसतात, बुडबुड्यांचे तसे होत नाही. सलग किमान तीन रात्रींचे आलेख चार-चार मिनिटे सरकवून एकाखाली एक लावले, की हा फरक डोळ्यांनाच दिसतो. ही युक्ती जीपीएसपुरतीच वापरावी. रशियाच्या ग्लोनास उपग्रहांची आकाशातील वाट सुमारे आठ दिवसांनी, तर युरोपच्या गॅलिलिओची दहा दिवसांनी जुळते.

भिंतीचे चढउतार वगळून उरलेल्या नोंदींत पश्चिमेकडचा उपग्रह आधी आणि पूर्वेकडचा नंतर लुकलुकला का, ते पाहावे. संध्याकाळी बुडबुडे साधारणपणे सेकंदाला शंभर-दीडशे मीटर वेगाने पूर्वेकडे सरकतात. दोन उपग्रहांच्या संदेशरेषा आयनांबराला, म्हणजे सुमारे ३५० किलोमीटर उंचीवर, जिथे छेदतात त्या बिंदूंमध्ये पूर्व-पश्चिम १०० किलोमीटर अंतर असेल, तर दुसऱ्याचे लुकलुकणे अकरा ते सतरा मिनिटांनी सुरू व्हायला हवे.