सोमवारी जाऊ नका: चहाचा चालू कारखाना पाहायचा असेल तर

इंदूरहून सुट्टीत मुन्नार किंवा दार्जिलिंगला जाणारे बरेच जण चहाचा कारखाना पाहून येतात, म्हणजे थांबलेल्या यंत्रांचे फोटो घेऊन येतात. चूक बहुधा वाराची किंवा वेळेची असते.

मळ्यांत रविवारी तोडणीला सुट्टी असते. शनिवारचं पान रविवारी सकाळपर्यंत यंत्रातून निघून जातं. सोमवारी तोडलेलं पान रात्रभर सुकल्याशिवाय पुढे सरकत नाही, म्हणून सोमवारी दिवसा कारखाना जवळजवळ रिकामा असतो. पान भरात असलं तर काही मळे रविवारीही तोडणी करतात, पण त्या भरवशावर निघू नये. मुन्नारचं नल्लतन्नी इथलं चहा संग्रहालयसुद्धा सोमवारी बंद असतं. मंगळवार ते शनिवार, सकाळी सात ते अकरा ही वेळ धरा.

हंगामही पाहा. दार्जिलिंगची झुडपं डिसेंबर ते फेब्रुवारी विश्रांतीत असतात. नाताळच्या सुट्टीत तिथे कारखाना पाहायला जाण्यात अर्थ नाही. पानांचा पहिला बहर मार्च-एप्रिलमध्ये, दुसरा मे-जूनमध्ये. दक्षिणेत तोडणी वर्षभर चालते. मे महिन्यात, म्हणजे मुलांच्या सुट्टीत, दोन्हीकडे यंत्रं सुरू असतात.

संग्रहालयातलं छोटं यंत्र तोंडओळखीपुरतं ठीक आहे. खरा आडवळणाचा कारखाना पाहायचा तर कोलुक्कुमलै. बाग तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात, ७,००० फुटांच्या वर. रस्ता मात्र केरळातल्या सूर्यनेल्लीतून, आणि त्यावर फक्त जीप चालते. इंदूरहून आठवड्यातून एकदा सुटणाऱ्या अहिल्यानगरी एक्स्प्रेसने एर्नाकुलम, तिथून बसने चार-पाच तासांत मुन्नार, मुक्काम शक्यतो सूर्यनेल्लीतच. सूर्योदयासाठी जीप पहाटे चारच्या सुमारास निघतात. जीप ठरवतानाच सांगा की कारखाना पाहायचा आहे, नाहीतर चालक सूर्योदय दाखवून परत फिरवतो. कंबरदुखी, मणक्याचं दुखणं किंवा गरोदरपण असेल तर हा रस्ता टाळा. धक्के साधे नाहीत. अशांनी दार्जिलिंग गावाला लागून असलेला हॅपी व्हॅली मळा पाहावा. महूहून कामाख्याला जाणारी साप्ताहिक गाडी दार्जिलिंगसाठी उतरायच्या न्यू जलपायगुडीला थांबते.

पायांत बंद बूट हवेत, फरशी ओली असते. ओढणी, पदर, मफलर घट्ट खोचा; पट्टे आणि रोलर उघडे असतात. अत्तर लावू नका, चहा वास ओढून घेतो. चाळणीच्या खोलीत बारीक धूळ उडते, दम्याचा त्रास असलेल्यांनी मास्क लावावा. फोटो विचारूनच काढा.

आत गेल्यावर घाई करू नका ती सुकवणीच्या माळ्यावर. लांबलचक, जाळी बसवलेल्या हौदासारख्या ट्रफवर पानांचा वीतभर थर पसरलेला असतो, खालून पंख्याची हवा. ताज्या पानात पाऊण हिस्सा आणि वर पाणीच असतं. बारा ते अठरा तासांत ते ऑर्थोडॉक्स, म्हणजे पान वळून केलेल्या चहासाठी ५५-६० टक्क्यांपर्यंत उतरवतात, सीटीसी, म्हणजे दाणेदार चहासाठी ६५-७० पर्यंत. परवानगी घेऊन मूठभर पान दाबून बघा. नीट सुकलेल्या पानाचा गोळा होतो, तो लगेच उसळून उलगडत नाही आणि देठ वाकतो, तुटत नाही. पान कच्चं राहिलं तर रोलरमध्ये त्याचा चुरा होतो. फार कडक सुकलं तर रस सुटत नाही. पावसाळी हवेत सगळा माल इथेच अडतो, म्हणून ढगाळ दिवशी वेळापत्रक पुढे ढकललं गेलं तर कुरकुर करू नये.

पुढे दोन वाटा फुटतात. ऑर्थोडॉक्समध्ये दाबाखाली पान पिळून वळतात. कोलुक्कुमलैला हेच दिसेल. आपल्याकडे इंदूरच्या सियागंज बाजारात सुटी मिळणारी दाणेदार पत्ती मात्र सीटीसीची: दातेरी रोलरांची जोडी उलट्या दिशांना फिरते, एक दुसऱ्याच्या दहापट वेगाने, आणि त्या फटीत पान चिरडतं, फाटतं, वळतं. अशा तीन-चार जोड्यांतून हिरवा लगदा बाहेर पडतो. १९३० साली आसामात निघालेली ही पद्धत निलगिरीतल्या कुन्नूरकडच्या कारखान्यांत भरपूर पाहायला मिळते. रोलरचे दात बोथट झाले की दाणा ओबडधोबड येतो. शेवटची धार कधी लावली, हे विचारा. मार्गदर्शक खुलून बोलू लागतो.

मग आंबवणं. नाव तेवढं आंबवणं, यात जंतूंचं काम नाही. पानातला रस हवेतल्या प्राणवायूशी मिळून तांबडा होतो. सीटीसीला तास-दीड तास, ऑर्थोडॉक्सला त्याहून जास्त. नाकाने ओळखा: आधी कापलेल्या गवताचा वास, मग फळासारखा गोडसर. वेळ कमी पडली तर चहा कच्चट आणि तुरट लागतो, जास्त झाली तर रंग भरपूर पण चवीत जीव नाही.

ड्रायरमध्ये शंभर अंशांच्या वरची हवा लागते आणि तीनेक टक्केच ओलावा उरतो. आच अतिच झाली तर दाणा बाहेरून कडक, आतून ओला राहतो आणि तो चहा साठवणीत बिघडतो. शेवटी चाळण्या. तिथे घासलेल्या प्लॅस्टिकच्या रोलरांवर स्थिर विजेने देठाचे तंतू आपोआप उडून चिकटतात. मुलांना हेच सगळ्यात आवडतं. एक किलो चहाला साधारण साडेचार किलो ओलं पान लागतं, हेही त्यांना सांगा.

चव बघताना दूध-साखर मागू नका. १०० मिली उकळत्या पाण्यात २ ग्रॅम, सहा मिनिटं, एवढंच. विकत घेताना पुडीवर पॅकिंगची तारीख पाहा. 'डस्ट' म्हणजे कचरा नव्हे, तो फक्त सर्वांत बारीक दाणा, आणि दुधाच्या चहाला तोच कडक उतरतो. ऑर्थोडॉक्स आलं घालून उकळलात तर पैसे वाया.

परतीच्या बॅगेत चहा वेगळा, हवाबंद डब्यात ठेवा. घरून नेलेल्या जिरावण मसाल्याची आणि लवंगी शेवेची उरलेली पुडी त्याच कप्प्यात राहिली, तर इंदूरला पोचेपर्यंत चहाला त्यांचाच वास येतो.