गाडीला पाच स्टार, बाळ मात्र मांडीवर: या चुका टाळा

कारसीटचा, म्हणजे मुलाला गाडीत पट्ट्यांनी बांधून बसवायच्या खास छोट्या सीटचा, विषय काढला की घरात कुणीतरी म्हणतंच, "आपण काय कारसीटमध्ये वाढलो का?" नाही वाढलो. पण तेव्हा एक्स्प्रेस-वे नव्हता, आणि घाटात गाडी चाळिशीच्या वर जात नव्हती.

हल्ली या वादात एका अमेरिकी निष्कर्षाची भर पडली आहे. २००५ च्या सुमारास तिथल्या काही अर्थशास्त्रज्ञांनी मांडलं की २ ते ६ वर्षांच्या मुलांचे मृत्यू टाळण्यात कारसीट साध्या सीटबेल्टपेक्षा फारशी सरस ठरत नाही. त्यावर बराच वाद झाला, उलट निष्कर्षही आले. पण तुलना कुणाशी होती ते बघा: बेल्ट लावलेल्या मुलांशी. आपल्याकडे मूल असतं आईच्या मांडीवर, नाहीतर सनरूफमधून डोकं बाहेर काढून लोणावळ्याची हवा खात.

मांडीवर धरणं

"मी घट्ट धरलंय की!" गणित करून बघा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलोचं बाळ धरून ठेवायला सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. कुठल्याच आईच्या हातात ती नसते. एकाच बेल्टमध्ये दोघांनी बसणं त्याहून वाईट. बाळ बेल्ट आणि मोठ्या माणसाच्या मध्ये चिरडतं.

आणि गाडीचे स्टार? १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपच्या, म्हणजे गाडी आपटवून तिला सुरक्षेचे स्टार देणाऱ्या आपल्याकडच्या कार्यक्रमाच्या, चाचण्या सुरू झाल्या. त्यात मुलांच्या सुरक्षेचे वेगळे स्टार मिळतात, पण ते दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे योग्य कारसीटमध्ये बसवून. मांडीवरच्या बाळाला त्यातला अर्धा स्टारही लागू नाही.

मुलाला पुढे बसवणं

एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते. ती मोठ्या माणसाच्या छातीच्या अंदाजाने बेतलेली असते. मुलाचं तिथे डोकं आणि मान येते. डिसेंबर २०२४ मध्ये वाशीत पुढच्या सीटवरचा ६ वर्षांचा मुलगा एअरबॅग उघडल्यावर दगावला. बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे करून लावायची कारसीट चालू एअरबॅगसमोर कधीच ठेवू नका. मुलांची जागा मागे.

घाईने तोंड पुढे करणं

"बाळाला बाहेरचं दिसत नाही म्हणून रडतं" हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं कारण. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या जवळजवळ पाव भाग असतं आणि मान कच्ची. तोंड मागे असलं तर समोरच्या धडकेचा झटका सगळ्या पाठीवर विभागला जातो. युरोपातल्या आय-साइझ या कारसीटच्या नियमात किमान १५ महिने तोंड मागेच. त्यापुढेही सीटच्या मर्यादेत बसतंय तोवर तसंच ठेवा. पाय दुमडले तरी बिघडत नाही.

सीट आणली, पण सैल

गाडीचा बेल्ट सीटमधून जातो तिथे धरून हलवून बघा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त डुगडुगत असेल तर सीटवर गुडघा दाबून बेल्ट पुन्हा ओढा. मुलाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला, तर तोही सैल. महाबळेश्वरला निघताना जाड जॅकेट आधी काढा, पट्टा लावा, मग वरून शाल घाला. अपघातातून गेलेली सीट चुलतभावाने फुकट दिली तरी घेऊ नका.

मोठं मूल "बेल्ट गळ्याला लागतो" म्हणून तो काखेखालून घेतं. त्याला बूस्टर, म्हणजे बेल्ट नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक, हवा, साधारण १४५ सेंटिमीटर उंचीपर्यंत. खालचा पट्टा पोटावर नको, मांड्यांच्या वर कमरेच्या हाडावर हवा.

दंड म्हणाल तर १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा कारसीट नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब खाली १००० रुपये.

मागे बसलेल्या बाळाचा विसर

एका उपायातून दुसरा धोका कसा निघतो, ते इथे दिसतं. एअरबॅगमुळे अमेरिकेत मुलं मागे गेली, आणि झोपलेलं बाळ नजरेआड झालं. बंद गाडीतल्या उष्णतेने तिथे वर्षाला सरासरी ३७ च्या आसपास मुलं दगावतात. त्यातली निम्म्याहून जास्त विसरली गेलेली. आपल्याकडचा मे महिना आठवा. म्हणून मोबाइल, पाकीट, ऑफिसची बॅग मागच्या सीटवर, बाळाशेजारी ठेवा. काहीच नसेल तर डाव्या पायातली चप्पल.