झोपेची गोळी सुरक्षितपणे कशी घ्यावी

झोपेची गोळी सुरू करणे सोपे आणि सोडणे अवघड असते, म्हणून ती किती दिवस घ्यायची हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे निद्रानाशासाठी सहसा २ ते ४ आठवड्यांपुरतीच देतात. त्याच वेळी घोरणे, झोपेत श्वास अडखळणे, यकृताचा आजार, गर्भारपण आणि चालू असलेली सगळी औषधे सांगावीत. ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकासोबत ही गोळी घेतल्यास श्वास मंदावू शकतो आणि सर्दीच्या काही गोळ्यांनी गुंगी वाढते.

ही तिन्ही औषधे भारतात ‘शेड्यूल एच-१’मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता न येणाऱ्या औषधांच्या एका यादीत, मोडतात. त्यांच्या वेष्टनावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो आणि विक्रेत्याला प्रत्येक विक्रीची नोंद ३ वर्षे जपावी लागते. ओळखीचा मेडिकलवाला चिठ्ठीविना पाकीट देत असेल, तरी ते घेऊ नये.

दारे-खिडक्या लावून, सगळी कामे आटोपून, अंथरुणावर पडण्याच्या बेतात असतानाच गोळी घ्यावी आणि पुढचे ७-८ तास मोकळे ठेवावेत. मद्य घेतलेल्या रात्री ती अजिबात घेऊ नये. मध्यरात्री जाग आली म्हणून दुसरी घेऊ नये, आणि आज घेतली की नाही हे आठवत नसेल तर ती रात्र तशीच जाऊ द्यावी. सकाळी अंगात गुंगी असेल तर दुचाकीला हात लावू नये; झोल्पिडेमचा अंमल सकाळपर्यंत उरतो असे दिसल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये स्त्रियांसाठी साध्या गोळीची सुरुवातीची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली. झोपेत चालणे किंवा स्वयंपाक करणे असे काही घरच्यांना दिसले, तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना कळवावे.

वृद्धांना सर्वांत मोठा धोका पडण्याचा असतो. रात्री लघवीला उठताना तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. म्हणून पलंगापासून न्हाणीघरापर्यंत मंद दिवा ठेवावा आणि वाटेतली सतरंजी उचलावी.

रोज घेतलेली गोळी एकाएकी थांबवू नये. झोप पूर्वीपेक्षाही बिघडते, आणि बेंझोडायझेपिन गटातील (अल्प्राझोलाम, नायट्राझेपामसारखे) औषध दीर्घकाळ घेतले असल्यास आकडीचे झटकेही (फिट) येऊ शकतात. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू उतरवावी. झोपेच्या सवयी बदलणारी समुपदेशन-पद्धती, सीबीटी-आय, सोबत सुरू केली तर हे उतरवणे सुकर होते. दीर्घकाळच्या निद्रानाशावर पहिला उपचारही तोच मानला जातो, आणि आपल्याकडे तो फार कमी सुचवला जातो याचे वाईट वाटते.

गोळ्या कुलपात ठेवाव्यात. कोणी जास्त घेतल्या, हलवूनही जागे होत नसेल किंवा श्वास संथ झाला असेल, तर १०८ ला फोन करावा, त्या व्यक्तीला कुशीवर वळवावे आणि रिकामे पाकीट सोबत न्यावे.