पहिला प्रस्ताव लिहिणाऱ्यांसाठी: मराठवाड्यातली छोटी अनुदानं

समाजकार्याची पदवी घेऊन बीड-धाराशिवकडच्या एखाद्या छोट्या संस्थेत रुजू झालात, की महिन्याभरात कुणीतरी म्हणतं, ‘तुम्हाला इंग्रजी येतं ना, मग प्रस्ताव तुम्हीच लिहा.’ मीही अशीच या कामात ओढली गेले. इंग्रजी जमून जातं. गाडी अडते ती वेळापत्रकावर.

आपल्याकडे माती-पाण्याच्या कामाचा खरा हंगाम रब्बी निघाल्यापासून मृगापर्यंत. तलावातला गाळ काढणं, नाला खोलीकरण, दगडी बांध, सगळं त्यातच उरकावं लागतं. आणि बालाघाटाच्या पट्ट्यातली कितीतरी घरं दिवाळीच्या आसपास उचल घेऊन ऊसतोडीला जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. अशा गावात ‘जानेवारी: श्रमदान’ असं लिहिलंत तर राबणार कोण? हिवाळ्यात मागे राहिलेल्या बाया आणि म्हाताऱ्या माणसांना झेपेल तेच ठेवा: रोपवाटिका, बियाण्यांची निवड, विहिरींची मोजणी. पैसा जूनमध्ये हातात पडणार असेल, तर मातीकाम सरळ पुढच्या उन्हाळ्यात दाखवा.

जागतिक पर्यावरण सुविधा (जीईएफ) या आंतरराष्ट्रीय निधीचा छोट्या अनुदानांचा कार्यक्रम १९९२ पासून यूएनडीपी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत चालतो. कमाल मर्यादा बरीच वर्षं ५०,००० डॉलर होती, प्रत्यक्षात अनेकांना त्याहून कमी मिळतं. जैवविविधता, हवामान बदल, जमिनीचा ऱ्हास असे त्याचे विषय. पण अनुदानाच्या तोडीचा वाटा रोख, वस्तू किंवा श्रमाच्या रूपात उभा करावा, अशी अपेक्षा असते. इथे नवखे घाबरतात. खरं तर लोकवाटा गावात असतोच, फक्त कुणी लिहून ठेवलेला नसतो. पोकलेनचा खर्च अनुदानातून आणि गाळ वाहून नेणं शेतकऱ्याकडे, असं ठरलं तर प्रत्येक खेप वहीत चढवा: तारीख, गट नंबर, किती ब्रास, सही किंवा अंगठा. (ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉलीत किती मावतं ते एकदा टेप लावून बघाच, ट्रॅक्टरवाल्याच्या तोंडी हिशोबावर राहू नका.) श्रमदानाची किंमत रोजगार हमीच्या चालू दराने धरली की लेखापरीक्षक फारसे प्रश्न विचारत नाहीत.

२०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे वाक्य मी कितीतरी प्रस्तावांच्या पहिल्या पानावर वाचलंय. खरंच आहे ते, पण वाचणाऱ्यांनाही आता पाठ झालंय. त्यापेक्षा तुमच्या गावात टँकर कोणत्या महिन्यात लागतो, कोणत्या विहिरीत रिकामा होतो आणि तिथून सगळ्यात लांबची वस्ती कुठली, ते लिहा. आणि ‘गाव टँकरमुक्त होईल’ असं वचन देऊ नका. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर १०,००० लिटर पाणी टाकतो. ५०० हेक्टरच्या शिवारावर ५० लाख लिटर. यातलं तुमचा बांध किती अडवेल ते मांडा, आकडा लहान निघाला तरी चालेल. ठरावीक विहिरींची पाणीपातळी काम सुरू व्हायच्या आधीच ऑक्टोबरात आणि मे महिन्यात मोजून ठेवा. नंतर अहवालात दाखवायला दुसरं काही नसतं.

कागदपत्रं कंटाळवाणी, पण इथेच जास्त संस्था गळतात. १८६० च्या कायद्याखालची संस्था नोंदणी, १९५० च्या कायद्याखालची न्यास नोंदणी, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर संस्था नोंदवल्याचा क्रमांक. परदेशी निधी घ्यायचा तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो निधी एका संस्थेने दुसरीला वाटायची सोय राहिली नाही. रुजू झाल्यावर आधी एक गोष्ट विचारा: धर्मादाय कार्यालयातला बदल अर्ज (विश्वस्त बदलल्याची नोंद करायचा अर्ज) मंजूर आहे का? विश्वस्त वारून वर्षं लोटली तरी यादीत नाव तसंच, असं सर्रास असतं. मग बँक सह्या मानत नाही.

पैसे हप्त्यांनी येतात, आणि शेवटचा हप्ता बहुतेकदा अहवाल मंजूर झाल्यावर. म्हणून पोकलेनवाल्याशी किती पैसे कधी मिळतील हे काम सुरू व्हायच्या आधीच बोला, जमल्यास लेखी. पंपावर डिझेल उधारीवर मिळेल या भरवशावर राहू नका.