स्टेशनवरून आलेल्या मुलांच्या घराचा दिवस कसा बसवावा

कुठली मेल किती वाजता लागते, तिच्यातलं उरलेलं जेवण कुठल्या फलाटावर उतरतं, हे रस्त्यावरच्या मुलाला पाठ असतं. म्हणजे वेळ त्याला कळते, पण त्याची वेळ पोटाशी बांधलेली असते. अशा मुलांना सांभाळणाऱ्या घराचं, म्हणजे बालगृहाचं, वेळापत्रकही तिथूनच सुरू करा. पहिला महिना अभ्यास, झाडलोट, प्रार्थना पुढेमागे झाली तरी चालेल, जेवण दहा मिनिटंही हलता कामा नये. मुंबईत जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांचं स्नेहसदन १९६२ पासून आणि वडाळ्याचं शेल्टर डॉन बॉस्को १९८७ पासून या मुलांसाठी काम करत आहेत. खालची मापं २५ मुलांच्या घराची आहेत.

मुलगा आला की आधी जेवण, मग आंघोळ, मग नाव-गाव. सांगितलेलं नाव बहुधा खोटं असतं. तेच लिहून घ्या, पुढे दुरुस्त करता येतं. जुने कपडे त्याला न विचारता टाकू नका, शिवणीत पैसे किंवा फोन नंबरची चिठ्ठी असते. खिसे त्याच्यासमोर, त्याच्याच हाताने रिकामे करवा. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे (अशा मुलांबद्दल निर्णय घेणारी सरकारी समिती) हजर करावं लागतं. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढे नेलं तरी चालतं, त्यामुळे सुट्टीची सबब नको.

खरूज जवळजवळ नक्की असते, आणि इथेच बहुतेक घरं फसतात. डॉक्टरांना दाखवून ५ टक्के पर्मेथ्रिनचं मलम आणा, मोठ्या मुलाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम लागतं. रात्री अंग कोरडं करून मानेपासून तळपायापर्यंत लावायचं. बोटांच्या बेचक्या, बगला, बेंबी, जांघा, नखांच्या कडा सोडायच्या नाहीत. ८ ते १४ तास ठेवून धुवायचं आणि सात दिवसांनी पुन्हा लावायचं. मध्ये हात धुतले तर हातांना परत लावायचं. खाज येवो न येवो, त्या खोलीतल्या सगळ्यांना त्याच रात्री लावा, नाहीतर महिनाभर खरूज फिरत राहते. चादरी-कपडे गरम पाण्यात धुवून उन्हात टाका. धुता येत नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. औषधानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, म्हणून मनानेच मलम वाढवू नका.

दुसरी अडचण सोल्यूशनची, म्हणजे रुमालावर ओतून हुंगायचा पंक्चरचा गोंद किंवा व्हाइटनर. हुंगत असलेल्या मुलावर ओरडायचं नाही, त्याच्यामागे धावायचं नाही. या वाफांनी हृदय इतकं हळवं झालेलं असतं की दचकल्याने किंवा पळाल्याने ते अचानक बंद पडू शकतं. शांतपणे मोकळ्या हवेत बसवा, रुमाल नंतर मागा. तो शुद्धीवर नसेल किंवा छातीत धडधडतंय म्हणाला, तर थेट हॉस्पिटल. हुंगणं सुटल्यानंतरचे काही दिवस डोकं दुखतं, झोप लागत नाही, चिडचिड होते. त्या काळात शाळेचा आग्रह धरू नये, मैदान द्यावं.

एका जेवणाला अडीच किलो तांदूळ, दीड किलो डाळ, साडेचार किलो कणीक. किलोच्या २८ ते ३० पोळ्या होतात, म्हणजे माणशी पाच. नवा मुलगा आठ खाईल आणि दोन उशीखाली ठेवील. ही चोरी नव्हे, उद्याची तजवीज आहे. रागावू नका. झाकणाचा एक डबा चणे-फुटाणे नाहीतर बिस्किटं भरून त्याच्या हाताला लागेल असा ठेवा, कधीही घेऊ द्या. डबा रोज भरलेला दिसला की उशीखालच्या पोळ्या आपोआप थांबतात. मात्र तो एकदा जरी रिकामा राहिला की पुन्हा पहिल्यापासून. मुंग्या येतात म्हणून गादी रोज उचलून बघा, पण मुलं शाळेत गेल्यावर.

ख्रिस्ती घर असलं तरी यातले बरेचसे मुलगे हिंदू किंवा मुसलमान असतात. सकाळच्या प्रार्थनेला दहा मिनिटं पुरेत, त्यात एक गाणं, थोडी शांतता आणि ज्याला येते त्याने आपली प्रार्थना. रविवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, कॅथलिक मुलांनी जावं, बाकीच्यांवर सक्ती नाही. रमजानात रोजा ठेवणाऱ्याची सेहरी, म्हणजे पहाटेचं जेवण, आदल्या रात्री झाकून ठेवायची. धर्मांतराचा संशय एकदा आला की मुलाचे नातेवाईकही फिरकत नाहीत.

दिवस संपतो तो सलेशियन, म्हणजे डॉन बॉस्को यांनी स्थापलेल्या कॅथलिक संघाच्या, घरांतल्या ‘गुड नाइट’ने. डॉन बॉस्कोंच्या आई मार्गारिता यांच्यापासून ही प्रथा चालत आली आहे. झोपण्याआधी फादर किंवा ब्रदर उभ्या-उभ्या तीन मिनिटं बोलतात. उद्या काय आहे, आज कोणी काय चांगलं केलं, एवढंच. नाव घेऊन कोणाला झापायचं असेल तर ते इथे नाही, उद्या खोलीत बोलावून. हात तर उगारायचाच नाही. संस्थेत मारहाण हा बाल न्याय कायद्याच्या कलम ८२ खाली गुन्हा आहे.

देणगीदार वाढदिवसाला केक घेऊन येतात. केक घ्या, फोटो नको. मुलाची ओळख उघड करायला त्याच कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे, व्हॉट्सॲपचं स्टेटसही त्यात आलं.

पहिल्या तीन महिन्यांत बरेच जण पळतात, बहुधा शनिवार-रविवारी किंवा सणाच्या आधी. त्याच दिवशी पोलीस ठाण्याला आणि समितीला लेखी कळवा, पोच घ्या. त्याची पेटी, ताट, हजेरीतलं नाव तसंच ठेवा. परत आला तर वरचाच क्रम, फक्त नाव-गावाऐवजी झोप: जेवण, आंघोळ, झोप. कुठे होतास, हे दुसऱ्या दिवशी विचारा. अंगावर नवे वण दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून नोंदवून घ्या.